पत्रिका हातोहात द्यायची असते

बारीच्या स्टेशनात गाडी एक वाजून दहा मिनिटांनी शिरली, आणि सेराफिनाने उतरल्या उतरल्या नवऱ्याच्या शर्टाची बाही धरली. दुसऱ्या हातात पिशवी होती. पिशवीत मुलीच्या लग्नपत्रिकेचा लिफाफा होता आणि चार दिवस या-त्या नातेवाइकाच्या फ्रिजमधून फिरवत आणलेली दोन किलोची मोर्तादेल्ला होती. बोलोन्याचं हे गुलाबी, जाडजूड डुकराचं मांस तिच्या थोरल्या बहिणीला फार आवडायचं. निदान नऊ वर्षांपूर्वी आवडायचं. बाही धरायचं कारण एवढंच की ओरेस्ते कुठल्याही फलाटावर उतरला की आधी गाड्यांचा तक्ता वाचत उभा राहतो. तीस वर्षं बोलोन्याच्या तिकीटखिडकीमागे काढून माणूस निवृत्त झाला, पण जित्याची खोड.

"चार पस्तीस," तो समाधानाने म्हणाला. "फलाट अजून लागला नाही. तीन तास पंचवीस मिनिटं आहेत. आधी जेवू."

"आधी पोर्त्सिया."

"बहीण कुठे पळून चाललीय?"

"दोन वाजले की झोपेल. मग चारपर्यंत कुणाचा बाप दार वाजवू शकत नाही."

ओरेस्तेने खांदे उडवले. तो उत्तरेकडचा. दक्षिणेतली ही दुपारची वेळ, जिला इथे कोन्त्रोरा म्हणतात आणि जिच्यात कुणी कुणाच्या दारी जात नाही, फोन करत नाही, पोरांना मोठ्याने रडूसुद्धा देत नाही, ती त्याला आळशी लोकांची सोय वाटायची. बायकोशी तेहेतीस वर्षं संसार करूनही त्याचं हे मत तसूभर हललं नव्हतं.

आणि तिला घाई होती ती का होती, तेही सांगायला हवं. सेराफिना चार वर्षांची असताना आई गेली. तेव्हा पोर्त्सिया एकोणीस वर्षांची. तिने हिला न्हाऊ-माखू घातलं, शाळेत घातलं, बोलोन्याला नोकरीला धाडलं, आणि मगच स्वतःचं लग्न केलं. नऊ वर्षांपूर्वी सेराफिनाच्या मुलाचं, रुज्जेरोचं लग्न ठरलं. सेराफिनाला तेव्हा शाळेच्या स्वयंपाकघरातून सुट्टी मिळेना, म्हणून तिने सगळ्यांना पोस्टाने पत्रिका पाठवल्या. पोर्त्सियालाही. ज्या बाईने आईच्या जागी उभं राहायचं, तिला पत्रिका मिळाली ती गॅसच्या बिलाखाली, दुकानांच्या जाहिरातींच्या गठ्ठ्यात. पोर्त्सियाने लिफाफा फोडलाही नाही. जसा आला तसा परत पाठवला. लग्नाला आली नाही, आणि त्यानंतर तिने बहिणीचा फोन उचलला नाही.

आता मुलीचं, मार्त्सियाचं लग्न तीन आठवड्यांवर आलं होतं. घरातलं शेवटचं. पोर्त्सिया त्र्याहत्तर वर्षांची. या खेपेला सेराफिनाने रजा काढली, लेच्चेकडच्या झाडून सगळ्या नातेवाइकांना दारोदार जाऊन पत्रिका दिल्या, आणि परतताना एक वीसची थेट गाडी होती ती सोडून मुद्दाम चार पस्तीसची तिकिटं काढली. त्यावरून ओरेस्तेशी दोन दिवस वाजलं होतं.

बॅग स्टेशनात ठेवू म्हटलं तर तो तयार होईना. "सामान ठेवून गेलेली आणि परत येऊन रडणारी माणसं मी तीस वर्षं बघितलीत," तो म्हणाला. त्यामुळे ती चाकांची मोठी बॅग बरोबर आली. स्टेशनापासून जुन्या गावापर्यंत सरळसोट रस्ता, पण मे महिन्यातलं ऊन सरळ टाळूवर येत होतं. दुकानांची शटरं एकामागून एक खाली येत होती, आणि प्रत्येक शटर पडलं की सेराफिना पाऊल उचलायची. निम्म्या वाटेवर एका बेकरीतून टोमॅटो आणि तेलाचा वास आला, आणि ओरेस्ते जागच्या जागी थांबला.

"दोन मिनिटं."

"ओरेस्ते."

"उपाशी माणसाने मेव्हणीपुढे जाऊ नये. चेहरा वाईट दिसतो."

दोन मिनिटांची बारा मिनिटं झाली, कारण पुढे पाचजण होते आणि त्यातल्या एका बाईला कोपऱ्याचाच तुकडा हवा होता. सेराफिना बाहेर उन्हात बॅग धरून उभी. तो फोकाच्चाचा, म्हणजे टोमॅटो लावलेल्या जाड पावाचा तेलकट कागद नाचवत बाहेर आला, अर्धा तुकडा तिच्यापुढे केला. तिने घेतला नाही. तिला त्या क्षणी तो तुकडा त्याच्या टकलावर थापायचा होता, आणि तसं तिने त्याला सांगितलंसुद्धा.

जुन्या गावात शिरेपर्यंत दोनला दहा कमी. या गल्ल्यांत ती डोळे मिटून फिरली असती, असं तिने लेच्चेत चारचौघांत सांगितलं होतं. पण चाळीस वर्षांत गल्ल्याही कूस बदलतात. ज्या कमानीखालून जायचं तिथे दुरुस्तीची फळ्यांची भिंत. वळसा घातला तर चौकात निघाले, चौकातून पुन्हा त्याच कमानीच्या मागच्या बाजूला. ओरेस्तेने दर वळणाला फक्त घड्याळ पाहिलं, आणि ते पाहणं तिला बोलण्यापेक्षा जास्त झोंबलं. अखेर घर सापडलं. दाराला नवा निळा रंग, आणि कडीपाशी आकडे फिरवायची किल्लीची पेटी.

"पाहुण्यांना भाड्याने देतात," ओरेस्ते म्हणाला. "तुझी बहीण हॉटेलवाली झाली की काय?"

समोरच्या दारात एक बाई सकाळपासून वळलेल्या ओरेकिएत्तेंचा, म्हणजे कानाच्या आकाराच्या पास्त्याचा लाकडी पाट उचलून आत न्यायच्या बेतात होती. सेराफिनाने तिला विचारलं.

"पोर्त्सिया? ती जिना चढेना झाली, तेव्हापासून खाली राहते. तीन वर्षं झाली. सान मार्कोच्या देवळामागच्या गल्लीत, हिरव्या पडद्याचं दार." बाईने तिला खालून वर न्याहाळलं. "तू कोण तिची?"

"बहीण."

"बहीण, आणि तुला माहीत नाही?" बाई म्हणाली आणि पाट घेऊन आत वळली. दार लावता लावता तिने आवाज खाली आणला. "आता नको जाऊस. झोपेची वेळ झाली. तिची झोपमोड केली तर संध्याकाळपर्यंत सगळ्या गल्लीला ऐकावं लागतं."

ती सान मार्कोच्या मागे पोचली तेव्हा सव्वादोन झाले होते. तळमजल्याची एकच खोली, दार उघडं, दारावर हिरवा पडदा, पडद्याआड अंधार आणि गारवा. आतून एक आवाज नाही. दाराची चौकट हाताच्या अंतरावर. सेराफिनाने हात वर केला, बोटं मुडपली, आणि हात तसाच खाली आणला.

"आता काय?" ओरेस्ते कुजबुजला.

"झोपलीय."

"मग उठेल. माणसं उठतात."

"तुला नाही कळायचं."

"मला एवढं कळतं की साडेसहाशे किलोमीटरवरून आलेल्या बाईने दार वाजवलं तर त्याला गुन्हा म्हणत नाहीत."

ती त्याला ओढत कोपऱ्यापर्यंत घेऊन गेली. "एक रीत मोडली म्हणून नऊ वर्षं गेली," ती दबक्या आवाजात म्हणाली. "पत्रिका हातोहात द्यायची असते, ती पोस्टाने दिली. आता हातोहात द्यायला यायचं आणि दुसरी रीत मोडायची? झोपेतून उठवून? पहिलं वाक्य काय बोलेल ती, सांगू? 'नऊ वर्षांनी आलीस ती पण कोन्त्रोरेत.' चार वाजता उठेल. चार वाजता जाऊ."

"चार पस्तीसला गाडी. स्टेशन पंचवीस मिनिटं. म्हणजे तुझ्याकडे दहा मिनिटं उरली. नऊ वर्षांना दहा मिनिटं."

"हिशेब येतो मला."

"मग पत्रिका दाराखालून सरकव आणि—"

तिने त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने वाक्य गिळलं.

मग सुरू झालं ते गाव बघणं. कुणाला हौस होती म्हणून नाही, तर पाय ठेवायला जागा नाही म्हणून. देवळं बंद. कॉफीचा एक बार, त्याच्या खुर्च्या टेबलांवर उलट्या. समुद्राकडच्या तटबंदीवर दगडी बाक, पण त्यावर भाकरी भाजली असती. दोघं तटबंदीवरून चालत गेले, पुन्हा गल्ल्यांत उतरले, पुन्हा तटबंदीवर चढले. बॅगेची चाकं दगडी फरशीवर असा खडखडाट करत होती की जणू गावातून रिकामी पिंपं गडगडत चाललीत. एका खिडकीची झडप उघडली आणि आतून बनियनवाला म्हातारा म्हणाला, "अहो साहेब, ती शवपेटी उचलून न्या ना जरा." ओरेस्तेने बॅग उचलली. सतरा किलो. पन्नास पावलांवर खाली ठेवली. आता पिशवीतल्या मोर्तादेल्लाला घाम फुटला होता, आणि पाठीमागून तीन मांजरं येत होती.

पावणेतीनला ती दुसऱ्यांदा हिरव्या पडद्यापाशी गेली. कान लावला. भांड्यासारखं काहीतरी वाजल्याचा भास झाला, मग काही नाही. परत फिरली.

साडेतीनला तिसऱ्यांदा. या खेपेला ओरेस्ते मागोमाग आला आणि त्याने मुद्दाम बॅग दारासमोरून नेली, परत आणली, पुन्हा नेली.

"काय करतोयस?"

"मी दार वाजवलं नाही. मी बॅग फिरवतोय. बॅग फिरवायला इथे बंदी नाही ना?"

समोरच्या वरच्या मजल्यावरून कुणीतरी त्याच्या आईचा उद्धार केला. गल्लीतले दोन कुत्रे भुंकले. हिरवा पडदा जरासुद्धा हलला नाही. सेराफिनाला आता रडू फुटणार होतं. धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय, अशी गत. पाय सुजले होते, पोटात कण नव्हता, आणि सगळ्यांत जास्त राग तिला स्वतःच्या त्या उजव्या हाताचा आला होता, जो तीन वेळा वर गेला आणि तीन वेळा खाली आला. कोपऱ्यावरच्या पायरीवर ती बसून राहिली. ओरेस्ते शेजारी बसला, त्याने खिशातून उरलेला फोकाच्चा काढला, आणि या वेळी तिने तो खाल्ला. चिवट झाला होता.

चारला पाच कमी असताना ती चौथ्यांदा पडद्यापुढे उभी राहिली. चार वाजायची वाट बघत. घड्याळाचा काटा सरकत नव्हता.

"अजून किती फेऱ्या मारणार आहेस?" पडद्याआडून आवाज आला. अगदी जवळून, एका हाताच्या अंतरावरून.

सेराफिनाने पडदा सारला. पोर्त्सिया दाराला लागून खुर्चीत बसली होती. नऊ वर्षांत केस पांढरे झाले होते, काठी आली होती, पण बसणं तेच, ताठ. मागे टेबल मांडलं होतं. दोन ताटं, दोन पेले, मधे झाकलेलं भांडं.

"तू जागी होतीस?"

"मी दुपारची झोपत नाही. गुडघा झोपू देत नाही."

"मग आवाज का नाही दिलास?"

"तू का नाही आत आलीस?" पोर्त्सियाचा आवाज चढला नाही. "सव्वादोनला तुझी पावलं ऐकली. उठले, पाणी चढवलं, ओरेकिएत्ते टाकले. म्हटलं, येईल. तू गेलीस. पावणेतीनला ते काढून ठेवले, पुन्हा आलीस, पुन्हा गेलीस. आता त्याचा दगड झालाय."

"कोन्त्रोरा होती, पोर्त्सिया. मला वाटलं, झोपेतून उठवलं तर—"

"कोन्त्रोरा परक्यांसाठी असते. पोस्टमनसाठी, वीजवाल्यासाठी. आई झोपली असली तर पोरं दार वाजवतात का? सरळ येऊन कुशीत शिरतात. तू शिरायचीस."

खरं होतं ते. सेराफिना तिथेच वाकून बहिणीच्या गळ्यात पडली. पोर्त्सियाने तिच्या पाठीवर हात ठेवला. दोनदा थोपटलंही.

"बसा," ती म्हणाली. "दगड तर दगड. टोमॅटोत परतते. ओरेस्ते, तूही बस. उभा काय राहिलायस पोलिसासारखा?"

ओरेस्ते बसला नाही. त्याची नजर भिंतीवरच्या घड्याळाकडे गेली होती, आणि पोर्त्सियाने ती पाहिली. मग तिने दारातली बॅग पाहिली.

"गाडी कितीची?"

सेराफिनाने ओठ आवळले. ओरेस्ते खोटं बोलायला कधी शिकलाच नाही. "चार पस्तीस," तो म्हणाला.

बाहेर एक शटर वर गेलं.

"म्हणजे मधे वेळ होता," पोर्त्सिया म्हणाली.

"नाही, नाही. एक वीसचीच गाडी होती. तुझ्यासाठी मुद्दाम सोडली," सेराफिना घाईने म्हणाली. "विचार त्याला. दोन दिवस भांडले मी याच्याशी."

"मुद्दाम सोडायची तर दोन्ही सोडायच्या होत्यास."

"सोडते. आत्ता सोडते. ओरेस्ते, बस खाली. आत्ताच शाळेत फोन करते, उद्या सहाला स्वयंपाकघर दुसरं कुणीतरी उघडेल."

"नको," पोर्त्सिया म्हणाली. "आता मी बोलल्यावर सोडलीस, त्याला काय अर्थ?"

काही केलं तरी चूकच. सेराफिनाला बहिणीचे खांदे धरून गदागदा हलवावंसं वाटलं, आणि त्याच वेळी तिच्या मांडीवर डोकं ठेवावंसं वाटलं. यातलं काहीच न करता तिने पिशवी उघडली, घामेजलेली मोर्तादेल्ला टेबलावर ठेवली, लिफाफा काढला आणि दोन्ही हातांनी पुढे धरला. पोर्त्सियाने हात एप्रनला पुसले. लिफाफा घेतला, सुरीने नीट फोडला, पत्रिका डोळ्यांपासून लांब धरून पहिल्या अक्षरापासून शेवटपर्यंत वाचली. मार्त्सियाच्या नावावरून एकदा अंगठा फिरवला. मग उठून ती कपाटावर, नवऱ्याच्या फोटोशेजारी उभी केली.

"येईन मी," ती म्हणाली.

सेराफिनाच्या छातीवरचा नऊ वर्षांचा धोंडा उतरला. तिने तोंडाला हात लावला.

"ओरेस्ते, तू गाड्यांतला माणूस," पोर्त्सिया पुढे म्हणाली. "लग्न सकाळी अकराला आहे. रात्रीच्या गाडीने सकाळी पोचले, तर त्याच दिवशी परतीची कितीला मिळेल?"

ओरेस्तेला असा प्रश्न विचारला की कोण विचारतंय, कशासाठी विचारतंय, हे त्याला दिसतच नाही. "दोन वीस," तो ताबडतोब म्हणाला. "थेट आहे. बदलायची गरज नाही."

"आणि जेवणं कितीला बसतात?"

"पोर्त्सिया, आठवडाभर राहायला ये," सेराफिना म्हणाली. "तुझी खोली तयार केलीय. पडदे बदललेत."

"कशाला? तीन-साडेतीन तास मिळतात की मधे." पोर्त्सियाने झाकलेल्या भांड्यावर फडकं बांधायला घेतलं, वाटेत खायला. गाठ घट्ट मारली आणि भांडं बहिणीच्या हातात दिलं. "तुला पुरले ना. मलाही पुरतील. निघा आता, चुकेल."

गल्ली जागी झाली होती. दारोदार खुर्च्या बाहेर येत होत्या, आणि त्या सगळ्या खुर्च्यांसमोरून सेराफिना भांडं घेऊन चालली होती, मागे बॅगेचा खडखडाट. वाटेत जुन्या घरासमोर, पाट आत नेणारी ती बाई पुन्हा दारात होती. तिने भांड्याकडे नीट बघून घेतलं.

"पण येते म्हणाली," ओरेस्ते मोठ्या रस्त्याला लागल्यावर म्हणाला. तो खरोखर खूश होता. "तुझं काम झालं की."

सेराफिना भांडं सावरत चालत राहिली. आपली बहीण तिला ठाऊक होती. ती येणार. रात्रभर बसून येणार, काळा रेशमी पोशाख घालून पहिल्या रांगेत बसणार, मार्त्सियाला जवळ घेणार, नवऱ्यामुलाच्या माणसांशी गोड बोलणार. आणि दीड वाजता, पहिलं ताट यायच्या आत, दोनशे माणसांदेखत पर्स काखेत मारून उठणार आणि म्हणणार, माझी गाडी आहे. आणि तेव्हा तिला थांब म्हणायला सेराफिनाला तोंड नसणार.